मराठा राजस्मारकांतील पौरस्त्य-पाश्चात्त्य संयोग : सिंदखेडराजा, वानवडी आणि फ्लॉरेन्स

१. प्रश्नाचे स्वरूप

पुण्याच्या वानवडी भागातील महादजी शिंदे यांची छत्री पाहावयास जाणाऱ्या अभ्यासकाला तिचे वर्णन बहुधा एकाच ठराविक शब्दांत ऐकावयास मिळते : राजपूत आणि आंग्ल शैलींचे मिश्रण. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या इटलीतील स्मारकाविषयीही असेच काहीसे बोलले जाते. फरक इतकाच की, तेथे आंग्ल स्थापत्यज्ञाने हिंदी रूप घडविले, असा क्रम उलटा सांगितला जातो. दोन्ही वर्णने खोटी नाहीत. तथापि त्यांनी आपल्या ज्ञानात फारशी भर पडत नाही. दोन शैली एकत्र आल्या हे डोळ्यांना दिसतेच. त्या कोणाच्या इच्छेने, कोणत्या प्रयोजनासाठी आणि वास्तूच्या कोणत्या अंगात एकत्र आल्या, हे सांगितल्यावाचून 'मिश्र शैली' हा शब्द केवळ चिठ्ठीसारखा वास्तूला चिकटून राहतो.

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. मराठा राजकुळांची काही स्मारके शेजारी शेजारी ठेवून त्यांची तपासणी तीन प्रश्नांच्या आधारे कशी करता येते, हे येथे दाखवावयाचे आहे. पहिला प्रश्न स्थानाचा : मृत्यू व दहन कोठे झाले, आणि स्मारकाची जागा कोणत्या कारणाने ठरली? दुसरा केंद्राचा : घुमटाखाली अथवा छताखाली नेमके काय आहे? शिवलिंग, पादुका, मूर्ती, अर्धपुतळा की पुरलेला देह? तिसरा आचाराचा : त्या ठिकाणी पुढे काही नित्य उपचार चालतो काय? अलंकरणाचा विचार या तिन्हींच्या नंतर करावा, असे आमचे म्हणणे आहे. तसे केले म्हणजे वरवर सारख्या दिसणाऱ्या वास्तू परस्परांपासून किती दूर आहेत ते ध्यानात येते.

आरंभी संज्ञांविषयी दोन शब्द. 'थडगे' किंवा 'कबर' हे शब्द पुरलेल्या देहाच्या जागेला लागू पडतात. हिंदू राजकुळांत सामान्यतः दहन होत असल्याने त्यांच्या स्मारकांस 'समाधी' अथवा 'छत्री' म्हणतात. संन्याशाच्या समाधीत देह असतो. राजाच्या समाधीत बहुधा तो नसतो. 'छत्री' या शब्दात आणखी एक अर्थ आहे. छत्र हे राजचिन्ह होय. म्हणून दहनभूमीवर उभारलेला खांबांचा मंडप हा जणू मृत राजाच्या मस्तकावर धरलेले स्थिर छत्रच आहे. हा अर्थ अद्याप जिवंत असल्याचे प्रमाण वानवडी येथेच मिळते. त्या आवारात येणाऱ्याने आपली छत्री उघडू नये असा तेथे दंडक आहे, कारण समाधिस्थ सरदाराच्या सान्निध्यात दुसऱ्याने मस्तकी छत्र धरणे हा त्याचा अनादर ठरतो. शब्दाची व्युत्पत्ती ज्या ठिकाणी नियम होऊन राहिली आहे, तेथे वास्तूचा विचार केवळ शैलीच्या अंगाने करणे अपुरे आहे हे उघड आहे.

२. पूर्वपीठिका : सिंदखेडराजा

या अभ्यासाचा आरंभ करण्यास बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. चिखली तालुक्यातील अमडापूरहून चिखलीमार्गे दक्षिणेस उतरले म्हणजे जिल्ह्याच्या दक्षिण टोकाशी सिंदखेडराजा लागते. जिजाबाईंचे जन्मस्थान म्हणून हे गाव सर्वांस ठाऊक आहे. जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव यांची समाधी याच गावी आहे. निजामशाहीच्या दरबारी, दौलताबाद येथे, जुलै १६२९ मध्ये लखुजींची हत्या झाली आणि त्यांच्याबरोबर पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव हेही मारले गेले. एका घराण्याच्या तीन पिढ्यांवर एकाच दिवशी आलेल्या या घाल्याची स्मृती सिंदखेडराजाच्या या भव्य वास्तूने धरून ठेवली आहे.

उंच जोते, चौरस विधान, जाड भिंती व त्यांवर घुमट अशी या वास्तूची ठेवण आहे. ती प्रथम पाहणाऱ्याच्या मनात दख्खनच्या सुलतानांचे मकबरे उभे राहतात. येथेही 'मिश्र शैली' असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. परंतु जाधवराव हे त्या दरबारी जगातील मातबर सरदार होते. घुमट, कमान व चुन्याचे बांधकाम हे त्यांच्या दृष्टीने परके नव्हते. थोरामोठ्यांच्या वास्तूची ती तत्कालीन दख्खनची सर्वसामान्य भाषा होती. आज आपण ज्याला दोन परंपरांचा संयोग म्हणतो, तो बांधणाऱ्याच्या मनात संयोग म्हणून असेलच असे नाही. हा पहिला धडा येथे घ्यावयाचा : मिश्रण हे पाहणाऱ्याचे वर्गीकरण असते, ते कर्त्याचे प्रयोजन होते किंवा नाही, हे स्वतंत्रपणे दाखवावे लागते.

दुसरा धडा याच परिसराने २०२४ साली दिला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून या समाधीच्या आवारात जतनाचे काम चालू असताना जमिनीखाली एका प्राचीन शिवमंदिराच्या सभामंडपाचे अवशेष लागले. पुढे उत्खनन केले असता त्याच वर्षी जून महिन्यात शेषशायी विष्णूची मोठी शिल्पाकृती मिळाली. अर्थात सतराव्या शतकातील समाधी ज्या भूमीवर उभी आहे, ती भूमी त्यापूर्वीच देवस्थानाची होती. स्मारकाचे वय एका आकड्याने सांगता येत नाही, जागेचे वय वेगळे व वास्तूचे वेगळे असते, ही गोष्ट पुढील विवेचनात पुन्हा उपयोगी पडेल.

३. वानवडी : एका आवारातील दोन काळ

महादजी शिंदे १७९२ साली उत्तर हिंदुस्थानातून पुण्यास आले व १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडी येथे त्यांचे देहावसान झाले. त्याच ठिकाणी त्यांचे अंत्यसंस्कार झाले. आवारातील शिवमंदिर महादजींच्या स्वतःच्या काळातील, म्हणजे १७९४ चे मानले जाते. गाभारा काळ्या दगडाचा आहे आणि मंदिरासमोर महादजींचे समाधिस्थान आहे. अर्थात स्थान, केंद्र व आचार हे तिन्ही अठराव्या शतकाच्या अखेरीस ठरून गेले होते : मृत्यू झाला ती जागा, शिवाचे सान्निध्य, आणि त्याला अनुसरून चालणारी पूजा.

आज प्रेक्षकाचे डोळे ज्याने दिपतात तो भाग यानंतर शंभरांहून अधिक वर्षांनी आला. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे हे १८८६ पासून १९२५ पर्यंत गादीवर होते. त्यांनी या जुन्या मंदिराभोवती बाह्य वास्तू उभारली. राजस्थानी धर्तीचे झरोके, महिरपी व कोरीव खांब, पिवळ्या दगडातील संतमूर्तींनी भरलेले शिखर, आणि त्यांच्या जोडीला युरोपीय पद्धतीच्या रंगीत काचांच्या खिडक्या व प्रशस्त दालन असे तिचे स्वरूप आहे. दालनाच्या भिंतींवर शिंदे घराण्यातील पुरुषांची चित्रे व छायाचित्रे लावलेली आहेत.

ही दोन कालखंडांची वास्तू एकसंध समजून वर्णन केली म्हणजे गोंधळ होतो. 'महादजींची १७९४ मधील आंग्ल-राजस्थानी छत्री' अशी वाक्यरचना प्रवासवर्णनपर लेखनात सहज होऊन जाते. परंतु तीत मंदिराचे वर्ष व दालनाची शैली यांची जी जोडणी झाली आहे ती इतिहासाला मान्य होण्याजोगी नाही. प्रत्यक्ष भेटीत अभ्यासकाने उलट क्रमाने पाहावे, अशी आमची सूचना आहे. प्रथम दालनातील काचांकडे न पाहता सरळ गाभाऱ्याशी जावे. काळ्या दगडाचे काम पाहावे. मग शिखर, मग दालन व सर्वांत शेवटी खिडक्या. अशा क्रमाने पाहिले असता जुन्या गाभ्याभोवती नवे कवच कसे वाढले, ते पायरीपायरीने उलगडते. रंगीत काचेचे कार्यही मग नीट समजते. युरोपातील देवळांत अशा काचांवर संतचरित्रे चितारलेली असतात आणि खिडकी हीच पोथी होते. येथे कथा सांगण्याचे काम शिखरावरील मूर्तींकडे व भिंतींवरील चित्रांकडे आहे; काचेकडे उरले आहे ते दालनाची शोभा वाढविण्याचे काम. परकी वस्तू आली ती मूळ अर्थ मागे ठेवून आली.

येथे एक विरोध नमूद करण्याजोगा आहे. महादजी स्वतःस 'पाटील' म्हणवीत, आणि दिल्लीच्या बादशाहीची सूत्रे हाती असतानाही त्यांनी ती उपाधी टाकली नाही. त्यांच्या समाधीभोवतीचे वैभव त्यांचे नाही. ते त्यांच्या वंशजाचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी युद्ध व तह यांचा अधिकार संस्थानिकांकडे उरला नव्हता. पूर्वजाचा पराक्रम दगडात मांडून दाखविणे हा मात्र त्यांना मोकळा असलेला मार्ग होता. वानवडीच्या दालनातील चित्रांची रांग पाहताना ही वास्तू एका व्यक्तीचे स्मारक राहिली नसून घराण्याची वंशावळ झाली आहे, असे जाणवते.

४. सहवास आणि शैली : हेसिंगचे प्रमाण

युरोपीय लोकांशी संबंध आला म्हणून युरोपीय शैली आली, असे स्पष्टीकरण कोणी देऊ पाहील. ते टिकत नाही. आणि त्याचे प्रमाण शिंद्यांच्याच इतिहासात आहे. महादजींइतका युरोपीयांचा उपयोग करून घेणारा दुसरा मराठा सेनानी विरळा. सॅव्हॉय प्रांतातील शांबेरीचा बन्वा द ब्वान्य हा १७८४ साली महादजींच्या नोकरीत शिरला आणि त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या. तोफा, कवायत, पगाराची शिस्त हे सर्व युरोपातून घेणाऱ्या या पुरुषाने आपल्या शिवमंदिराच्या गाभाऱ्यात मात्र युरोपचे काही घेतले नाही. रणांगणावर परकी विद्या उपयोगी होती. देवाच्या व पितरांच्या ठिकाणी तिची गरज वाटली नाही.

याची दुसरी बाजू आग्र्यास पाहावयास मिळते. जॉन विल्यम हेसिंग हा डच सेनाधिकारी शिंद्यांच्या चाकरीत होता व आग्र्याचा किल्ला त्याच्या ताब्यात होता. तो १८०३ साली मरण पावला. तेथील रोमन कॅथॉलिक दफनभूमीत त्याच्या पत्नीने त्याचे थडगे बांधविले ते तांबड्या वालुकाश्मात आणि ताजमहालाच्या नमुन्यावर. आकार लहान आहे आणि ताजप्रमाणे सुटे उभे असलेले उंच मिनार नाहीत. परंतु घुमट, कमानी व एकंदर मांडणी पाहता नमुना कोणता होता याविषयी शंका राहत नाही. आत देह पुरलेला आहे आणि लेख इंग्रजीत आहे.

महादजींचा मृत्यू व हेसिंगचा मृत्यू यांत नऊ वर्षांचे अंतर आहे. एकाच दरबाराच्या आश्रयाला असलेल्या दोन पुरुषांपैकी मराठ्याने आपल्या परंपरेतील शिवालय बांधले, आणि युरोपीयाच्या कुटुंबाने ख्रिस्ती थडग्याला मोगल रूप दिले. सहवास दोघांनाही सारखाच होता. परिणाम भिन्न झाले. तेव्हा शैलीची निवड ही सहवासाची आपोआप होणारी फलश्रुती नाही. ज्या समाजात आपली प्रतिष्ठा मिरवावयाची, त्या समाजाची मान्य भाषा कर्ता उचलतो. १८०३ साली आग्र्यात ती भाषा मोगल होती. शंभर वर्षांनंतर ग्वाल्हेरच्या राजाला ती अंशतः आंग्ल वाटू लागली.

५. फ्लॉरेन्स : आर्नोच्या संगमावरील छत्री

आतापर्यंतची सर्व उदाहरणे हिंदुस्थानातील आहेत. फ्लॉरेन्स येथील स्मारक मात्र संपूर्णतया युरोपात आहे, आणि म्हणूनच आपल्या तीन प्रश्नांची खरी कसोटी तेथे लागते.

कोल्हापूरचे राजाराम महाराज हे १८६६ साली दत्तक येऊन गादीवर बसले. १८७० साली ते इंग्लंडच्या प्रवासास गेले आणि त्यांची व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. प्रवासात ते इंग्रजीत रोजनिशी लिहीत असत. त्यांच्यासमवेत असलेले कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी ती १८७२ मध्ये लंडन येथे संपादून प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर, इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत, ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचा मृत्यू झाला. वय विशीचे. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीच्या राज्याची राजधानी होती.

मृत्यूनंतर प्रश्न उभा राहिला तो अंत्यसंस्काराचा. ख्रिस्ती युरोपात प्रेत पुरण्याची रूढी दृढ होती. आधुनिक दहनगृहातील इटलीतील पहिले दहन मिलान येथे १८७६ साली झाले, म्हणजे या घटनेला अद्याप पाच वर्षांहून अधिक अवकाश होता. अशा परिस्थितीत उघड्यावर चिता रचून राजाचे दहन करण्यास नगरपालिकेची अनुमती मिळाली. दहनासाठी जी जागा निवडली गेली ती आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. नगराच्या पश्चिमेस कास्चिने नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. त्याच्या टोकाशी मुन्योने ही लहान नदी आर्नो नदीस मिळते. त्या संगमावर महाराजांना अग्नी देण्यात आला.

संगमाचा अर्थ मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. सातारच्या राजकुळाची दहनभूमी कृष्णा-वेण्णांच्या संगमावर माहुली येथे आहे. क्षेत्र माहुलीची परंपरा जाणणारी माणसे फ्लॉरेन्समध्ये राजाच्या शवापाशी होती, आणि परक्या मुलुखात त्यांनी प्रथम शोधला तो दोन नद्यांचा मिलाप. कृष्णा नव्हती, गंगा नव्हती. पण संगम होता. या स्मारकातील सर्वांत अस्सल मराठी अंग कोणते, असे विचारल्यास आम्ही घुमटाकडे बोट न दाखविता जमिनीकडे दाखवू. स्थान हिंदू आचाराने ठरविले.

त्या जागेवरील छत्री चार वर्षांनी, १८७४ साली, उभी राहिली. तिचा आराखडा इंग्रज लष्करी स्थापत्यज्ञ चार्ल्स मँट यांचा, आणि तिच्याखालील अर्धपुतळा इंग्रज शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर यांचा. जोत्यावर खांबांनी पेललेले हिंदी धर्तीचे छत, आणि त्याखाली मराठेशाही पोशाखातील तरुण राजाचा रंगविलेला अर्धपुतळा असे तिचे स्वरूप आहे. मँट यांचे नाव कोल्हापूरला परके नाही. १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेलेला तेथील नवा राजवाडा त्यांच्याच आराखड्याचा. त्याच्या दरबार दालनात शिवचरित्रातील प्रसंग रंगीत काचांवर चितारलेले आहेत. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा मूळ आराखडाही मँट यांचाच. १८८१ साली त्यांचा मृत्यू झाल्यामुळे ते काम रॉबर्ट चिझम यांनी पुरे केले. पुढे 'इंडो-सारासेनिक' या नावाने ओळखल्या गेलेल्या पद्धतीचे ते एक आद्य प्रवर्तक होत. त्यांच्या राजवाड्यांत हिंदी अलंकरण व युरोपीय सोयी यांची जी सांगड दिसते, तिचा एक प्रारंभीचा प्रयोग आर्नोकाठच्या या लहानशा वास्तूत आहे.

आता दुसरा प्रश्न विचारून पाहू : केंद्रस्थानी काय आहे? तेथे लिंग नाही, पादुका नाहीत, पुरलेला देहही नाही. तेथे अर्धपुतळा आहे. थोर पुरुषाचे मस्तक व खांदे पाषाणात घडवून चौथऱ्यावर ठेवणे ही रोमन काळापासून चालत आलेली युरोपीय चाल. म्हणजे ज्या अंगाला आपण या वास्तूतील आशियाई अंग समजतो, ती छत्री इंग्रज हाताने रेखाटलेली आहे. आणि तिच्याखालील राजाचे रूप युरोपीय प्रथेने साकारले आहे. रूप हिंदी, रीत युरोपीय, आणि जागा मराठी अशी ही त्रिविध घडण आहे. 'मिश्र शैली' या एका शब्दात ती मावत नाही.

तिसरा प्रश्न आचाराचा. वानवडीस पूजा आहे. फ्लॉरेन्समध्ये ती नाही. तेथे कोल्हापूरकरांची वस्ती नव्हती आणि नित्य उपचार करणारा कोणी राहिला नाही. परिणाम असा झाला की, स्मारक नगरवासीयांच्या ओळखीचे राहिले, पण राजाचे नाव मागे पडले. तेथील लोक त्या जागेला 'इंदियानो', म्हणजे 'हिंदी मनुष्य', असे म्हणतात. १९७८ साली जवळच आर्नोवर बांधून पुरा झालेला तारांच्या आधाराचा मोठा पूल हाही 'पोंते आल्लिंदियानो' या नावानेच ओळखला जातो. ज्याच्या घराण्याचा 'छत्रपती' हा किताब, त्याच्या मस्तकावर दगडी छत्र आहे. परंतु त्या छत्राचा अर्थ वाचणारे डोळे भोवती नाहीत. कोल्हापूरच्या प्रजेला जे राजचिन्ह, ते तेथील फिरावयास येणाऱ्यांना उद्यानातील एक नवलाचा मंडप. शैली टिकली आणि अर्थ विरळ झाला, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सांगता येणार नाही.

६. प्रतिमा व उपचार : शिवपुरी आणि हुए

केंद्रस्थानी प्रतिमा आली म्हणजे आचार संपतो, असा मात्र नियम करता येत नाही. वानवडीचे दालन उभारणारे माधवराव शिंदे हे स्वतः १९२५ साली पॅरिस येथे मरण पावले. मध्य प्रदेशातील शिवपुरी येथे त्यांची छत्री आहे. समोर तळ्याच्या पलीकडे त्यांच्या मातोश्रींची. पांढऱ्या संगमरवरात रंगीत दगडांचे नाजूक जडावकाम, देवळासारखे शिखर व राजपूत-मोगल धर्तीचे मंडप असा तेथील थाट आहे. आत माधवरावांचा पुतळा आहे. घडणीने तो युरोपीय धर्तीचा व्यक्तिपुतळा. पण त्याला स्नान घालणे, वस्त्रे नेसविणे, नैवेद्य दाखविणे, त्याच्यापुढे गायन करणे असे देवमूर्तीसारखे उपचार करण्याची परंपरा आहे. फ्लॉरेन्सच्या अर्धपुतळ्याला जे लाभले नाही ते या पुतळ्याला लाभले. येथे युरोपीय वस्तू आपल्या आचाराने आत्मसात केली. तेथे आपली वस्तू परक्या आचारात एकाकी पडली.

याच काळातील आशियातील एक दूरचे उदाहरण तुलनेस घेण्यासारखे आहे. व्हिएतनाममधील हुए या जुन्या राजधानीजवळ खाइ दिन्ह या सम्राटाचे थडगे आहे. हा सम्राटही माधवरावांप्रमाणे १९२५ सालीच मरण पावला. फ्रेंचांच्या अधिराज्याखालील नामधारी सत्ता त्याच्या वाट्याला आली होती आणि १९२२ साली त्याने फ्रान्सचा प्रवास केला होता. थडग्याचे काम त्याच्या हयातीतच, १९२० मध्ये, सुरू झाले व १९३१ मध्ये संपले. लोखंडी सळ्यांचे काँक्रीट, युरोपीय घाटाची द्वारे, आणि आत भिंतभर चिनी मातीच्या व काचेच्या तुकड्यांची नक्षी असा तेथील संयोग आहे. सम्राटाचा काशाचा सोनेरी पुतळा छत्राखाली बसविला असून देह त्याच्या खाली पुरला आहे. या बांधकामासाठी प्रजेवर जादा कर बसविण्यात आला होता, ही गोष्टही त्या वैभवाबरोबर नमूद केली पाहिजे.

शिवपुरी व हुए यांच्यामध्ये कोणताही प्रत्यक्ष संबंध नाही. तरीही साम्य डोळ्यांत भरते. दोन्हीकडे सत्ता परक्यांच्या हाती गेलेली; दोन्ही राजे युरोप पाहून आलेले; दोन्हीकडे स्मारकाचा डौल पूर्वजांच्या स्मारकांहून अधिक; आणि दोन्हीकडे छत्राखाली बसलेली, हुबेहूब घडविलेली राजाची प्रतिमा. ज्यांचे राज्य आकुंचित झाले त्यांची स्मारके विस्तारली, असे एक अनुमान यावरून करता येईल. ते सिद्धान्त म्हणून मांडण्यास दोन उदाहरणे पुरेशी नाहीत. परंतु पदव्युत्तर प्रबंधाला विषय म्हणून ते निश्चितच पुरेसे आहे.

७. उपसंहार

वरील विवेचनातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे. सिंदखेडराजा येथील संयोग हा दरबारी भाषेचा सहज वापर होय. तेथे परकेपणाची जाणीव गृहीत धरता येत नाही. वानवडी येथे जुना गाभा व नवे कवच असे दोन थर असून युरोपीय अंश केवळ दुसऱ्या थरात आहे, आणि तोही शोभेपुरता. आग्र्याच्या हेसिंगच्या थडग्यात दिशा उलटी आहे. फ्लॉरेन्स येथे स्थान मराठी, रूप हिंदी व प्रतिमेची रीत युरोपीय आहे, आणि आचाराचा अभाव हे तेथील सर्वांत मोठे वैशिष्ट्य आहे. शिवपुरी येथे युरोपीय धर्तीचा पुतळाच उपचाराने देवस्थानी गेला आहे. या पाचही वास्तूंना एकच नाव दिल्याने काय साधते, हा विचार वाचकांनी करावा.

या भेदाला केवळ पांडित्याचे मोल आहे असे नाही. स्मारकाचे जतन करणारा ज्याला महत्त्व देतो तेच टिकते. दगड, काच व रंग यांचे रक्षण करण्याची शास्त्रे आज उपलब्ध आहेत. परंतु वानवडीच्या आवारात छत्री का उघडावयाची नाही, शिवपुरीस पुतळ्यापुढे का गावयाचे, फ्लॉरेन्सला तीच जागा का निवडली, या गोष्टी दगडावर कोरलेल्या नसतात. त्या माणसांच्या स्मरणात व आचारात असतात आणि ते स्मरण सुटले की मागे नक्षीदार मंडप उरतो. 'इंदियानो' हे नाव त्याची खूण आहे. म्हणून मोजमापे व छायाचित्रे यांच्याबरोबरच पुजारी, सेवेकरी व मानकरी यांच्याकडील माहिती लिहून घेणे हे संशोधनाचे अंगभूत काम मानले पाहिजे.

अमडापूर, चिखली, मेहकर या भागांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी या कामाला आपल्या गावापासून हात घालावा. प्रत्येक समाधीसाठी एक साधे टिपण करावे : मृत्यूचे स्थान व वर्ष, दहनाची जागा, केंद्रस्थानची वस्तू, बांधकामाचे थर व प्रत्येक थराचा कर्ता, चालू असलेला अथवा बंद पडलेला आचार, आणि सर्वांत शेवटी शैली व अलंकरण. शैलीचा रकाना अखेरीस ठेवण्याचे कारण एव्हाना स्पष्ट झाले असेल. आधीचे पाच रकाने भरल्यावर तो बहुतेक वेळा आपोआप भरला जातो. तोच आधी भरला, तर पुढचे पाच रिकामे राहण्याचा संभव अधिक.